कवाड लावायची घाई

आता काय सांगू, हातातला चहा आधी खाली ठेवा. हसताना सांडेल, आणि हसायचं माझ्यावरच आहे.

विद्यापीठाचं नामांतर होऊन थोडाच काळ लोटला होता. वाळूजला कारखान्याला लागून कारखाना उभा राहत होता. आमच्या कंपनीनं औरंगाबादच्या क्रांती चौकातलं ऑफिस सिल्लोडच्या कापसाच्या जिनिंगशी कॉम्प्युटरनं जोडलं. दोन्हीकडे एकेक राऊटर, म्हणजे निरोपांची ने-आण करणारा डबा. कोणत्या कॉम्प्युटरचा निरोप सोडायचा, कोणाचा अडवायचा, हे नियम त्यात लिहायचे. डबा वरून खाली वाचतो आणि आधी लागू पडेल तो नियम पाळतो. हे काम माझं! चार वाजता साहेब इथं बसून सिल्लोडचा गाठींचा साठा बघणार आणि जमलं तर मला कायम करायच्या पत्रावर सही करणार.

मी इथूनच, तारेवरून, सिल्लोडच्या डब्यात नियम लिहीत होते. तेवढ्यात आबा, म्हणजे माझे वडील, माझं जेवण घेऊन आले. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजी मेंढवाड्याचं कवाड की! लावायच्या आधी आपण कुठल्या बाजूला हाय ते बघ, बाई."

"आबा, हा राऊटर आहे, मेंढवाडा नाही!"

आणि पहिलाच नियम ठोकला: कोणालाही सोडू नये. आधी बंदी, मग सवलती, स्वभावच तसा! एंटर दाबलं आणि स्क्रीन गोठली. 'कोणालाही'मध्ये पहिली कोण? मीच की!

सिल्लोडचे जुने कारकून रशीदचाचा, त्यांना फोन लावला.

"बेटी, बटन बंद करून चालू करू का?"

"हात लावू नका, चाचा! त्यातलं तुम्हाला काही कळत नाही!"

एसटी पकडली. मागोमाग आबाही चढले. अडीच तास हाडं खिळखिळी करून पोहोचले, तर चाचा शांतपणे म्हणतात, "लाईट गई थी, आ गई. अब सब चालू है."

असणारच! नियम मी साठवलाच नव्हता. वीज जाताच डबा तो विसरला. म्हणजे चाचांना बटन दाबू दिलं असतं तर? नका विचारू.

आता मात्र आबांचं ऐकायचं ठरवलं. आपण कुठल्या बाजूला? सिल्लोडला. म्हणून आधी समोरच्या कॉम्प्युटरला परवानगी, मग बाकी सगळ्यांना बंदी. झकास! या वेळी पक्कं साठवलंसुद्धा.

पावणेचारला फोन खणखणला. साहेब!

"अहो, इथं काहीच दिसत नाही!"

मी अख्ख्या औरंगाबादला कुलूप घातलं होतं.

"बटन दबाऊँ क्या, बेटी?" चाचांनी प्रेमानं विचारलं. आता काय उपयोग? पक्कं साठवलं होतं ना!

आबांनी माझ्या हातातला रिसीव्हर काढून घेतला. "रामराम, सायेब. पोरगी लई हुशार हाय. फकस्त कवाड लावायची घाई. दोन्हीकडं आपलीच मेंढरं हायेत, हे सांगायचं मीच इसरलो बघा."

तोवर मी ऑफिसच्या कॉम्प्युटरचे नंबर बंदीच्या वर घातले. चारला पाच कमी असताना साहेबांना साठा दिसला.

पत्र मिळालं. सही आहे, शिक्का आहे. आणि खाली साहेबांच्या हस्ताक्षरात एक ओळ: 'नवीन नियम लावण्यापूर्वी वडिलांची परवानगी घ्यावी.'