चौक काढायला नकार

“हिला स्वतःच्या जमातीचं काहीही माहीत नाही. यात अजून विचार करण्यासारखं मला तरी काही दिसत नाही,” असं म्हणत अध्यक्षांनी फाइल माझ्याकडे सरकवली.

मुलगी समोरच बसली होती. सायली पवार. नाशिकच्या सातपूरला राहणारी, बारावी झालेली, आणि सरकारी मेडिकल कॉलेजात एसटीच्या, म्हणजे अनुसूचित जमातीच्या जागेवर एमबीबीएसला नंबर लागलेली. शेजारी वडील. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, कारण सुनावणी संपली की त्यांना सेकंड शिफ्टला जायचं होतं.

मी तेव्हा जमातीचे दाखले तपासणाऱ्या समितीत संशोधन अधिकारी होते. आता निवृत्त झाले, म्हणून मोकळेपणानं लिहिते. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही. तो खरा आहे, असं समितीचं सर्टिफिकेट लागतं. सगळे त्याला व्हॅलिडिटी म्हणतात. सायलीला ते कॉलेजात दाखवायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. नाही दाखवलं तर जागा गेली. आणि आम्ही दावा अवैध ठरवला तर दाखलाही जप्त, म्हणजे दहावीत असलेल्या तिच्या भावाचीही वाट बंद.

दावा वारली असल्याचा होता. मूळ गाव हरसूलच्या पुढे, डोंगरात. अशा प्रकरणात आम्ही आधी जुने कागद बघतो, जितके जुने तितके चांगले. पण आजोबा शाळेत गेले नव्हते, पणजोबांचा तर प्रश्नच नाही. शाळेची पायरी चढलेले घरातले पहिले म्हणजे सायलीचे वडील. त्यांच्या दाखल्यावर वारली लिहिलं होतं, पण ते अलीकडचं. पवार आडनाव तर कुणाचंही असू शकतं.

कागद अपुरे पडले की उरते ॲफिनिटी टेस्ट. म्हणजे या माणसाचं जमातीशी खरोखर नातं आहे का, हे चालीरीती, देवदेव, सणवार विचारून बघायचं. घरी जाऊन ही चौकशी करतो तो व्हिजिलन्स अधिकारी. आमच्याकडे देवरे नावाचे पोलिस इन्स्पेक्टर डेप्युटेशनवर होते. माणूस सरळ, कामाला चोख, एक रुपयाचा चहासुद्धा न घेणारा. पण त्यांच्या हातात छापील प्रश्नावली होती आणि ती सोडून इकडचा शब्द तिकडे करायचा नाही, हे त्यांचं तत्त्व. सातपूरच्या दोन खोल्यांत बसून त्यांनी सायलीला विचारलं, पिकाची देवी कोणती? वाघदेवाला काय वाहतात? लग्नात कोणते विधी होतात? बहुतेक उत्तरांपुढे त्यांनी लिहिलं होतं, “माहीत नाही.” शेवटी एक ओळ होती, “चित्र काढण्यास सांगितले असता उमेदवाराने नकार दिला. पारंपरिक कला अवगत नाही.”

“सर, सातपूरमध्ये वाढलेल्या मुलीला पिकाची देवी कशी माहीत असणार? तिनं तांदूळ बाजारातून आणलेलाच बघितलाय,” मी म्हणाले. “ही चाचणी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हे कोर्टानंही सांगितलंय.”

“मान्य. पण मग आपल्याकडे दुसरं आहे काय?” अध्यक्ष म्हणाले. “मॅडम, कालच निवेदन घेऊन आदिवासी संघटनेची माणसं आली होती. बोगस दाखल्यांवर आमची पोरं बाहेर राहतात म्हणाले. खोटं बोलत होते का ते? एक बोगस आत गेला की एक खरी मुलगी बाहेर राहते. ती आपल्यासमोर येऊन रडत नाही, एवढाच फरक.”

अध्यक्ष मला कधीच फारसे आवडले नाहीत, पण ते म्हणत होते ते खरं होतं. गाइड पाठ करून आलेले बोगस उमेदवार मी स्वतः पकडले होते. देवांची नावं धडाधड सांगायची, आणि गावाला जायची बस कुठून सुटते विचारलं की तोंड उघडं.

वडील पुढे सरकले. “साहेब, चूक माझी हाय. कंपनीत लागलो तवा लोक लय चिडवायचे. बोलण्यावरनं हसायचे. मग मीच घरात समदं बंद केलं. पोरांशी शाळेतल्यासारखंच बोलायचं. त्यांना आपल्यावानी ऐकून घ्यायला लागू नाय म्हणून. आता तेच अंगाशी आलं.”

“तुम्ही थांबा. तिला बोलू द्या,” अध्यक्ष म्हणाले.

सायली बोलली. आवाजात रडू नव्हतं, राग होता. “काय बोलू सर? क्लासमध्ये सगळे म्हणायचे, तुला काय टेन्शन, तुझी फुकटची सीट. आणि इथे तुम्ही म्हणता, मी ती नाहीच. मग मी आहे तरी कोण ते एकदा ठरवून सांगा.”

आमचे सदस्य-सचिव, जे नेहमी अध्यक्षांच्या बाजूला कलतात, ते खाली बघून कागद जुळवायला लागले. मला त्या मुलीचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, कारण असं बोललेलं अध्यक्षांना खपत नसे.

पण ते चिडले नाहीत. त्यांनी एक कोरा कागद आणि पेन तिच्यासमोर ठेवलं. “ठीक आहे. वारल्यांचा लग्नाचा चौक. काढून दाखव. देवरेंना नाही म्हणालीस, आम्हाला दाखव. एवढं केलंस तर मी पुढचं काही विचारणार नाही.”

चौक म्हणजे काय ते सांगते. वारली चित्रं आता सगळ्यांना माहीत आहेत. त्रिकोणाची माणसं, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच, हे कपांवर, कुर्त्यांवर, हॉटेलच्या भिंतींवर सगळीकडे असतं. चौक ही वेगळी गोष्ट. लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं एक चौकट काढतात आणि तिच्या मधोमध देवी असते. पण तोही हल्ली पुस्तकांत छापलेला असतो. शाळेत कुठल्याही पोरानं बघून काढावा इतका सर्रास.

सायलीनं पेन उचललं. मला वाटलं, सुटलो.

तिनं एक रेघही ओढली नाही. पेनचं टोक कागदाच्या वर तसंच राहिलं. वडिलांना धीर धरवेना. “काढ ना बाई! मोबाइलवर बघ पाहिजे तर. साहेब, मोबाइलवर बघितलेलं चालंल का? काढ गं, उद्याचा शेवटचा दिवस हाय!”

“नाही काढणार,” ती म्हणाली आणि पेन खाली ठेवलं.

“म्हणजे येत नाही, असं लिहू?” अध्यक्षांनी विचारलं.

“लिहा.”

अध्यक्षांनी खरंच लिहायला घेतलं. पण तेवढ्यात मला एक गोष्ट खटकली. जिला येत नाही ती मुलगी काहीतरी वेडंवाकडं गिरबटते. मी अशी शेकडो गिरबटलेली चित्रं बघितली होती. डॉक्टर होण्याची जागा समोर ठेवली असताना हात मागे घेणारं कुणी बघितलं नव्हतं.

“सर, एक मिनिट,” मी म्हणाले. “सायली, येत नाही की काढायचा नाही?”

तिनं कोरा कागद बाजूला सरकवला. मग म्हणाली, “माणसं काढते. झाडं, नाच, पाहिजे ते काढते. शाळेच्या भिंतीवर मीच काढलंय. चौक नाही काढणार.”

“का?”

“माझं लग्न नाही झालं अजून.”

अध्यक्षांनी पेन थांबवलं, पण चेहरा होता तसाच. “हे कुणी सांगितलं तुला?”

“सांगितलं नाही कुणी. लहान होते तेव्हा काकाच्या लग्नाला गावी गेले होते. बायका चौक काढत होत्या. मी पिठात बोट बुडवलं तर आत्यानं हात धरला आणि बाहेर नेऊन धुतला. मग आम्ही दोघी लांब बसून बघत होतो.”

“आत्या का लांब बसली?” हे मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. पण ते तिच्या तोंडून यायला हवं होतं.

“आत्याचे मिस्टर वारले ना. तीही नाही काढू शकत.” आता मात्र तिचे डोळे भरले. “तिला सगळ्यांत भारी येतो, मॅडम. गावात तीच काढायची आधी. दुसऱ्या बायकांचं चुकत होतं तर ती लांबूनच सांगत होती, पण हात नाही लावला तिनं. माझी आई गेल्यावर आत्यानंच केलंय माझं सगळं. ती हात लावत नाही आणि मी इथे तुमच्या कागदावर पेनानं काढू? एका सीटसाठी? मग तिला काय सांगू?”

वडिलांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “मी इसरलो होतो,” एवढंच म्हणाले. पुरुषांचा त्या चौकाशी संबंध कमी, त्यात इतकी वर्षं शिफ्टमध्ये गेलेली. मी त्यांना दोष देत नाही.

दोघांना बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्याबरोबर मी बोलायला लागले. माझा आवाज चढला होता, पण तिकडे लक्ष द्यायला फुरसत नव्हती. “सर, चौक सवाशिणी काढतात. कुमारिका नाही, विधवा नाही. मी त्या गावांतून फिरलेय, लग्नं बघितलीत. आपण एका न झालेल्या लग्नाचा विधी एका पोरीला टेबलावर करायला सांगत होतो. तिनं नाही म्हटलं, हेच बरोबर उत्तर आहे.”

“पढवून आणलेलं असू शकतं.”

“मग देवरेंसमोरच नसतं का म्हटलं? आणि पढवलेली मुलगी ‘येत नाही असं लिहा’ म्हणून पेन खाली ठेवेल?”

अध्यक्षांनी देवरेंना फोन लावून स्पीकरवर टाकला. ते चौकशीला मालेगावकडे गेले होते. “तुम्ही तिला नक्की काय काढायला सांगितलं होतं?” त्यांनी विचारलं.

“चौक, सर. प्रश्नावलीत तसंच आहे.”

“कारण विचारलंत?”

“नाही सर. त्याला रकाना नाही.”

फोन ठेवून अध्यक्षांनी फाइल परत माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, “हे तुमच्या सहीनं सविस्तर लिहून द्या. उद्या कुणी कोर्टात गेलं तर उभं तुम्हाला राहायचंय.”

“राहीन.”

जेवणाचा डबा तसाच ठेवून मी लिहिलं. वडिलांचा शाळेचा दाखला, गाव, फाइलीतले नातेवाइकांचे जबाब, आणि चौक काढायला दिलेला नकार, कारणासह. अध्यक्षांनी प्रत्येक ओळ वाचली. दोन ठिकाणी पुरावा काय म्हणून अडवलं, आणि सही केली. अध्यक्ष वळल्याबरोबर सदस्य-सचिवांनीही केली.

त्याच दुपारी सर्टिफिकेट सायलीच्या हातात मीच दिलं. वडील पाया पडायला वाकले, मी मागे सरकले. सायलीनं आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं. तिनं विचारलं, “मॅडम, माझ्या भावालाही हे सगळं सांगावं लागेल का?”

“नाही. सख्ख्या बहिणीची व्हॅलिडिटी असली की बहुतेक तेवढ्यावर होतं.”

“म्हणजे त्याला काहीच माहीत नसलं तरी चालेल,” ती म्हणाली. मग सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसली. दुसऱ्या दिवशी मुदतीच्या आत तिचा प्रवेश पक्का झाला.

अध्यक्षांना ही केस फार आवडली. इतकी, की मी नको नको म्हणत असताना त्यांनी प्रश्नावलीतला चौकाचा प्रश्न बदलून छापून घेतला: “चौक काढण्यास सांगावे. नकार दिल्यास कारण नोंदवावे.” पुढच्या वर्षी वारली असल्याचा दावा करणाऱ्या एकूण एक उमेदवारांनी चौक काढायला नकार दिला. सगळ्यांनी हात मागे घेतला, सगळ्यांनी मान खाली घातली, आणि सगळ्यांच्या आत्या विधवा निघाल्या. नोकरीसाठी आलेला एक चांगला मिशीवाला गृहस्थसुद्धा मला म्हणाला, “नाही काढणार मॅडम, माझं अजून लग्न झालेलं नाही.” बाहेर बाकावर त्याची बायको दोन मुलांना घेऊन बसली होती.

तो प्रश्न मी त्याच दिवशी काढून टाकायला लावला. माणूस ओळखायचा तर दर वेळी नव्यानं विचारावं लागतं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावं लागतं. त्याला छापील रकाना नाही.