जेद्दा ते मुंबई, पाच तास

अब्बा पहाटेच्या नमाजानंतर गेले, आणि सात वाजेपर्यंत आमच्या मंगरूळपीरच्या मोहल्ल्यात जो तो मोबाईलवर जेद्दा ते मुंबई शोधत बसला. साडेतीन हजार किलोमीटर, पाच तास. धाकटा भाऊ तिकडे एसी दुरुस्तीचं काम करतो. त्याला अब्बांचं तोंड शेवटचं दिसावं, एवढ्यासाठी ही धडपड होती.

आमच्यात मय्यत ताटकळत ठेवत नाहीत. अब्बा तर दुसऱ्याच्या घरीही उशीर झाला की तोंडावर बोलायचे, "मुर्द्याले कायले वाट पाहाले लावता?" शेजारच्या चाचांनी बोटांवर हिशेब केला. सात आणि पाच, बारा. मुंबईहून गाडीचे चार-पाच धरा. म्हणजे संध्याकाळी असरच्या नमाजानंतर दफन. मशिदीच्या भोंग्यावरून तसं सांगूनही टाकलं.

काय म्हणावं या अकलेला! विमान म्हणजे आम्हाला वाशिमची काळीपिवळीच वाटली. बसलं की निघालं. आधी तिकीट मिळावं लागतं, विमानतळावर तीन तास अगोदर जावं लागतं, मुंबईहून इथवर समृद्धीनं आलं तरी सात-आठ तास लागतात, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी चांगला बारावी झालेला.

दुपारी बाराला त्याचा फोन आला. "भाई, तिकीट भेटलं. तुमच्या तीन वाजता विमान उडते. थांबून राह्यले ना तुमी?"

तोवर धनजचे, वाशिमकडच्या मालेगावचे नातेवाईक येऊन बसले होते. कबर खोदून झाली होती. मी मौलानांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही.

"हो, थांबतो. तू ये," मी म्हणालो.

नाही म्हटलं असतं तर तो तिथं परक्या लोकांत रडत बसला असता, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर त्याचं रडणं ऐकायची माझी हिंमत नव्हती.

साडेपाचला माती झाली. मुंबईत उतरल्यावर त्यानं तीनदा फोन केला, मी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खांद्यावर बॅग घेऊन दारात उभा राहिला. अंगणात उचललेल्या सतरंज्यांची गठडी होती. ती पाहूनच तो समजला. आम्ही दोघं कब्रस्तानात गेलो. त्यानं तीन मुठी माती टाकली, फातिहा पढला. मला वाटलं आता शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या.

परतताना त्यानं विचारलं, "किती वाजता?"

"साडेपाच."

तो चालता चालता थांबला.

"तेव्हाच जेवण आलं होतं विमानात. सकाळपासून पोटात काही नव्हतं. भाई थांबला आहे, मंग उपाशी कायले राहू म्हटलं. सगळं खाल्लं मी, भाई. वरून गोडही मागून घेतलं."