दोन ईदींमधलं पाणी

माचानो उस्सीचा उजवा कान गेला आणि त्याचं समुद्रात उतरणं संपलं. टाकी पाठीला बांधून पुन्हा खोल गेलास तर उरलेला कानही जाईल, असं डॉक्टरने बजावलं होतं. पोरवयात नुसता दम धरून ऑक्टोपस आणि शंख काढणारा, पुढे पाहुण्यांना प्रवाळ दाखवण्यात उमेदीची वर्षं घालवलेला हा माणूस. त्याला जमिनीवर बसवायचं म्हणजे मोठीच शिक्षा. पण पेंबा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या डायव्हिंगच्या दुकानाचा मालक भला होता. त्याने माचानोला काढून टाकलं नाही, आखणीचं काम त्याच्याकडे दिलं. कोणी कुठे उतरायचं, कधी उतरायचं, किती खोल जायचं आणि कुठे वर यायचं, हे माचानो ठरवणार. मग काय, माचानोने त्या आखणीतच आपला सगळा मान कोंबला.

दुकानाच्या मागे एक जुनी होडी उपडी पडलेली असे. तिच्या तळावर तो कोळशाने प्रवाळाची रांग काढी. प्रत्येक माणसामागे एक कवडी, होडीच्या जागी करवंटी. दोन बेटांच्या मध्ये रांग जिथे तुटते त्या फटीला सगळे ‘दार’ म्हणत. भरतीचं पाणी त्या दारातून आत, उथळ खाडीत शिरतं. ओहोटीला त्याच दारातून बाहेर, जिथे तळ लागतच नाही तिथे धावतं. म्हणून दारात उतरायचं ते भरतीच्या शेवटाला. पाणी माणसाला अलगद आत आणून सोडतं, वाटेत मासे तर असे की पाहुण्यांना डोळे मिटवत नाहीत. कवड्या सरकवत सरकवत माचानो हे समजावून सांगे तेव्हा ऐकणारा हलत नसे.

आणि वेळ काढायची ती चंद्रावरून. पाणी रोज पाऊणएक तास उशिरा उलटतं, त्यामुळे चांद्रमहिन्याची तारीख कळली की ते कधी उलटणार हे तो बसल्या जागी सांगायचा. कोणी पाहुण्याने फोन बाहेर काढला की म्हणायचा, “ज्यांच्याकडे चंद्र नाही त्यांनी फोन बघावा.” पाहुणे हसायचे, फोन आत जायचा. तसाही त्या टोकाला रेंज नव्हती, त्याचा काही उपयोग नव्हता.

यंदा मात्र चंद्रावरूनच घरात भांडण पेटलं होतं. माचानो वर्षानुवर्षं खालच्या मशिदीत जाई, जिथे त्याचा सासरा, दुकानाच्या होडीचा नाखवा वुआई, पहिल्या रांगेत बसतो. तिथे माचानो म्हणजे वुआईचा जावई, बस्स. या रमजानात तो वरच्या मशिदीत जाऊ लागला. तिथल्या तरुण उस्तादाने त्याच्या कानासाठी दुवा मागितली होती, शेजारी बसवून घेतलं होतं. आता वरची मशीद रेडिओवरची घोषणा मानते, खालची आपल्या डोळ्यांनी चंद्र दिसल्याशिवाय उपास सोडत नाही. झालं. माचानोची ईद एक दिवस आधी आली. सासऱ्याने भर रस्त्यात विचारलं, “जावईबापू, चंद्र काय तुमच्या खिशात उगवला?” लोक हसले. माचानोने ते हसणं मनात धरलं. मधल्यामधे मिझाची, त्याच्या बायकोची, फरपट झाली. तिने ईदेचं बोकोबोको, म्हणजे गहू-मटणाची लापशी, दोन दिवस घोटलं, आज नवऱ्यासाठी आणि उद्या बापासाठी. तिचे खांदे भरून आले आणि दोघांपैकी एकानेही चांगलं झालंय म्हटलं नाही.

त्या दिवसापासून सासरा-जावयाचं बोलणं बंद. पण होडी एकच, काम एकच. मग बोलायचं ते नसराच्या मार्फत. नसरा माचानोची थोरली लेक, बावीस वर्षांची, बापासारखीच पाण्यात वाढलेली. दोघं हाताच्या अंतरावर उभे असत आणि “आजोबांना सांग, दोर सोडा,” “बापाला सांग, सोडलाय,” असं चाले. पोरगी आधी हसून घ्यायची. पुढेपुढे तिचं हसणं थांबलं.

नसराने पाण्याखाली वाट दाखवायची परीक्षा पास केली होती, आणि मालकाने तिला पहिल्यांदा एकटीने पाहुणे न्यायला सांगितलं. नैरोबीचं एक जोडपं होतं, दोघंही सरावलेली, त्यांना दारच बघायचं होतं. ईदेनंतर दारातला हा पहिलाच बेत. बाकीच्या जागांना तारीख एखाद्या दिवसाने चुकली तरी बिघडत नाही. दाराचं तसं नाही, आणि हे माचानोइतकं कोणाला ठाऊक होतं? दोन तारखांपैकी कुठली धरायची हे त्याने वुआईला विचारायलाच हवं होतं. पण विचारायचं म्हणजे सासऱ्याची ईद खरी मानायची. त्याने आपली ईद ही पहिली तारीख धरून मोजलं आणि म्हणाला, उद्या पंधरावी, तिसऱ्या प्रहरी असरची बांग होईपर्यंत पाणी आत येत राहील.

आदल्या संध्याकाळी बापलेक टाक्या भरत होते. सूर्य अजून पाण्यावर चांगला वर होता, आणि मागे नारळींच्या डोक्यावर चंद्र आलेलाही होता. चंद्राची तारीख सूर्यास्तालाच बदलते; ही पंधरावीची रात्र असती तर चंद्र सूर्य बुडाल्यावर आला असता. माचानोने तो पाहिला.

नसरा म्हणाली, “बाबा, चंद्र लवकर आलाय का?”

“आभाळ मोकळं आहे म्हणून तसं वाटतं,” तो म्हणाला आणि टाकीचा वॉल्व्ह घट्ट करत बसला. वॉल्व्ह आधीच घट्ट होता.

त्या रात्री तो जेवला नाही धड. मिझाने विचारलं तर म्हणाला, कान ठणकतोय. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. सकाळी उठून जाऊन तारीख बदलायला किती वेळ लागला असता? पण वरच्या मशिदीचा उस्ताद काय म्हणेल, खालच्या मशिदीतले काय म्हणतील, मालकाला कळलं की आखणीवाल्याला तारीखच ठाऊक नाही तर तो काय म्हणेल, या विचारात त्याने सकाळ घालवली. दुपारी त्याने होडीच्या तळावर कोळशाने नेहमीसारखी रांग काढली, कवड्या मांडल्या. टाकी निम्मी झाली की वर यायला लागायचं, वर येताना थोडं थांबायचं, मग होडीला दिसावा म्हणून नारिंगी फुगा सोडायचा; होडी आत खाडीत वाट बघेल. जोडप्यातली बाई म्हणाली की असं सोपं करून तिला कोणी सांगितलं नव्हतं. एरवी या बोलण्यावर तो दिवसभर खूश राहिला असता.

होडी दारापाशी आली. सुकाणूवर वुआई. तो म्हातारा पाण्याकडे पाहत राहिला. तुटलेल्या शेवाळाचा एक पुंजका होडीच्या बाजूला होता तिथेच होता, आतही जाईना, बाहेरही जाईना.

“नसरा,” तो म्हणाला, “बापाला सांग, पाणी थांबलंय.”

नसरा कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधत होती. तिने बापाकडे पाहिलं. सांगायची गरज नव्हती, त्याच्या चांगल्या कानाने ऐकलं होतं. त्याने पुंजकाही पाहिला होता. पाहुणे होडीच्या काठावर बसून तयार होते, चारही डोळे त्याच्यावर.

“आजोबांना सांग, त्यांनी होडी सांभाळावी,” माचानो म्हणाला.

“बाबा, नक्की ना?” नसराने हळूच विचारलं.

“आखणी कोणाची आहे?”

“तुमची.”

“मग उतर.”

ती उतरली. दोघं पाहुणे तिच्यामागून. बुडबुडे थोडा वेळ दिसले, मग नाहीत. वुआईने एकदा सांगितलं, कोणी ऐकलं नाही, आता पुन्हा सांगायला तो कोणाच्या दारात उभा राहणार नव्हता. होडी त्याने ठरल्याप्रमाणे आत खाडीत नेली आणि इंजिन बंद केलं.

इंजिन बंद झाल्यावर होडी उभी राहायला हवी होती. ती हळूहळू सरकू लागली, दाराकडे. माचानोने काठावरून हात पाण्यात घातला. बोटांमधून पाणी बाहेरच्या दिशेने ओढलं जात होतं, चांगलं जोरात, उधाणाचं पाणी. फुगा आत कुठेच नव्हता, आणि आता येणारही नव्हता. त्याची पोर खाली त्या फटीत होती आणि सगळी खाडी तिला बाहेर ढकलत होती.

त्याने सासऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचा हात इंजिनच्या दोरीवर होता पण तो ओढत नव्हता. त्याला काय हवंय ते माचानोला कळलं. किंवा त्याला काहीच नको होतं आणि तोही भीतीने गोठला होता; माचानोला हे पुढे कधी ठरवता आलं नाही.

“मामा,” माचानो म्हणाला. ईदेनंतर पहिल्यांदाच. “आज तारीख कोणती?”

“चौदा,” वुआई म्हणाला आणि दोरी ओढली.

दाराबाहेर लाटा उंच होत्या आणि कललेलं ऊन थेट डोळ्यांत येत होतं. सगळा समुद्र चकाकत होता, त्यात नारिंगी काय आणि लाल काय. माचानो पुढे उभा राहून कपाळावर हात धरून बघत होता. काही नाही. होडी आणखी पुढे गेली. तरी काही नाही. आपण पोरीला स्वतःच्या हाताने पाण्यात ढकललं, हे त्याला आता स्पष्ट दिसत होतं, आणि त्यापुढे मशीद, उस्ताद, मालक यांतलं काहीही आठवत नव्हतं. मिझाला काय सांगायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

वुआईने इंजिन बंद केलं. “शिट्टी असेल तिच्याकडे. ऐक.”

माचानोने डावा कान समुद्राकडे केला. त्याला फक्त लाटा ऐकू आल्या. किनाऱ्यावर आता असरची बांग झाली असेल, पाणी थांबायची त्याने नेमलेली वेळ, आणि पाणी तर होडीखालून घोड्यासारखं धावत होतं. म्हातारा मान वाकडी करून बराच वेळ बसला. मग त्याने हात वर केला. “तिकडे.”

तिघं सापडली. फुग्याच्या दोरीने नसराने पाहुण्यांना स्वतःशी बांधून घेतलं होतं. तिचा मास्क गेला होता, डोळे लालभडक झाले होते. बाई ओकत होती, तिचा नवरा तिचा हात सोडायला तयार नव्हता. नसराने आधी तिला वर चढवलं, मग त्याला, मग टाक्या दिल्या, शेवटी स्वतः आली. माचानोने हात पुढे केला तो तिने पाहिला नाही. काठ धरून तिची ती चढली आणि आजोबांच्या शेजारी जाऊन बसली.

परत येताना किनारा दिसू लागला, वाळत घातलेल्या लवंगांचा वास आला. माचानोने धीर केला. “नसरा,” तो म्हणाला, “मी तो चंद्र काल पाहिला होता.”

“मीसुद्धा,” ती समुद्राकडे बघत म्हणाली. “तुम्ही म्हणालात म्हणून उतरले.”

मग बापाकडे न बघता ती आजोबांकडे वळली.

“आजोबा, तुमच्या जावयाला सांगा, उद्यापासून आखणी मी करणार. आणि एकदा सांगून गप्प बसणारा नाखवा मला माझ्या होडीवर नको, हेही ज्याला लागू असेल त्याला सांगा.”

वुआईचा चेहरा पडला. सुकाणूवरचा हात तसाच ठेवून तो जावयाकडे वळला आणि एकेक शब्द जड तोंडाने, स्वतःला लागणारासुद्धा न वगळता, जसाच्या तसा सांगितला.

माचानोने सगळं ऐकून घेतलं. लेक हाताच्या अंतरावर बसली होती.

“तिला सांगा,” तो सासऱ्याला म्हणाला, “ऐकू आलं.”