आम्रपालीच्या वहीतला तपासणाऱ्याचा चौकोन

माझी सही फार झकास आहे. आधी भि, मग लांब रेघ, मग सोनवणे, खाली तारीख. एकवीस वर्षं चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे मी. दर दोन तासांनी पाच नग मोजायचे, आकडे चेकशीटवर लिहायचे आणि खालच्या चौकोनात सही ठोकायची, हे माझं काम. या सहीपायी माझ्या पोरीनं अख्खं वर्ष एकटीनं काढलं, आणि ते मला कळायला परक्याच्या पोरानं माझे कान उपटावे लागले. म्हणून सांगतोय. मध्येच ‘जाऊ द्या हो काका’ म्हणायचं नाही, ऐकायचं.

आम्रपाली माझी एकुलती एक. आकुर्डीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते, दुसरं वर्ष. उंचीला आईवर गेलीय, हट्टाला माझ्यावर. तिची आई, अंजली, जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून चिखलीच्या घरकुलात चौथ्या मजल्यावर आम्ही दोघंच. दोघंच म्हणजे तरी काय, राव! आमच्याकडे कंपनीला सुट्टी गुरुवारी, कॉलेजला रविवारी. सेकंड शिफ्ट असली की ती घरी यायच्या आत मी गेलेला, फर्स्ट असली की ती उठायच्या आत. थर्ड असली की ती डबा भरतेय आणि मी आडवा. एका घरात राहून आम्ही एकमेकांची उष्टी ताटं तेवढी बघायचो.

पोरीला मैत्रिणी अशा नाहीत. वर्गातल्या मुली रील काढतात, हिला त्यात रस नाही. हिला मोबाइलवरचे गेम आणि जपानी ॲनिमेशनच्या मालिका. मी एकदा ‘कार्टून’ म्हणालो तर दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “पप्पा, कार्टून लहान मुलांचं. यात माणसं भांडतात, रडतात, मरतात.” म्हटलं, त्याला मोबाइल कशाला लागतो, खाली पार्किंगमध्ये जाऊन उभी राहा. त्यावर मात्र हसली. कानात ती इअरफोनची बोंडं घालून एकटीच हसायची एरवी, आणि मी विचारलं की “काही नाही” म्हणायची.

महिना संपला की तिला सांगायचं असायचं, या महिन्यात काय खेळले, काय बघितलं, कुठलं आवडलं. सांगणार कुणाला? मला. मी थर्ड करून आलेला, ती उशाशी बसून सांगतेय आणि मी घोरतोय. शेवटी मीच म्हणालो, “बाई, झोपेत मला ऐकू येत नाही. लिहून ठेव, मी वाचेन.”

लिहून ठेवलं की पोरीनं! जानेवारीत एक लांब वही आणली आणि माझ्या बॅगेतल्या चेकशीटसारखे रकाने आखले. नाव, किती तास, मार्क, शेरा. खाली उजवीकडे एक चौकोन, त्यावर लिहिलेलं ‘तपासणारा’. माझी टिंगल, दुसरं काय. महिनाअखेरीला वही फ्रिजवर ठेवायची. पहिल्या पानावर होतं, “बस चालवायचा गेम. अकरा तास. मार्क सहा. शेरा: घाटात ब्रेक लागत नाहीत, सीट फाटकी आहे, पीएमटीत बसल्यासारखं वाटतं.” मी एकटाच खो खो हसलो, चौकोनात ‘ओके’ लिहिलं आणि सही केली. फेब्रुवारीचं पानही वाचलं. पुढं मात्र वाचायचं उद्यावर टाकायचो आणि सही आजच करून मोकळा व्हायचो. चौकोन दिसला की माझा हात आपोआप चालतो.

या नोव्हेंबरात कंपनीत ऑडिट होतं. आमचा नवा इंजिनिअर सिद्धेश, वय पंचवीस असेल नसेल, माझ्या मशिनपाशी आला. सकाळचे सव्वादहा झाले होते. त्यानं चेकशीट काढलं आणि बघतच राहिला. दहाच्या चौकोनात सही होतीच. बाराच्याही चौकोनात होती आणि दोनच्याही. खोटं कशाला बोलू, शिफ्ट सुरू झाली की सगळ्या सह्या एकदम उरकायच्या, अशीच आमची पद्धत पडलीय. सगळेच करतात, सापडलो मी.

“सोनवणेकाका,” तो म्हणाला, “दोन वाजताचे नग अजून मशिनवर चढले नाहीत. तुम्ही पास पण केले?”

आवाज चढवला नव्हता त्यानं, म्हणून जास्त झोंबलं.

चार वाजता घरी आलो. आम्रपाली कॉलेजातून यायची होती. चहा ठेवला, आणि फ्रिजवरची वही दिसली. ऑक्टोबरच्या पानावर मी आठच दिवसांपूर्वी सही केली होती. ‘तुम्ही पास पण केले?’ डोक्यातून जाईना, म्हणून उघडली.

पान कोरं होतं. रकाने आखलेले, आत एक अक्षर नाही. खाली माझं ‘ओके’, लांब रेघ, तारीख. मागे गेलो. सप्टेंबर: “काही बघितलं नाही.” ओके. ऑगस्ट: “एक गेम घेतला, कंटाळा आला, काढून टाकला.” ओके. जुलैच्या पानावर दोन ओळी. आणि जूनचं पान बारीक अक्षरात गच्च भरलेलं. चहा उतू गेला, गॅस बंद केला आणि ते पान तिथंच ओट्यापाशी उभ्यानं वाचलं.

“मालिका: ओसाड स्टेशनवरचा रोबो. बारापैकी अकरा भाग बघितले. मार्क दहापैकी दहा. शेरा: गाव उठून गेलंय. स्टेशनवर एक रोबो तेवढा उरलाय. तो रोज फलाट झाडतो, वेळ झाली की घोषणा करतो, गाडी येत नाही. शेवटच्या भागात गाडी येते का ते कळणार. पप्पा, तो भाग मी ठेवलाय. एकटीनं बघवणार नाही मला. येत्या गुरुवारी मी कॉलेज बुडवते, तुम्ही ओव्हरटाइम घेऊ नका. दोघं बघू. चालत असेल तर इथं सही करा.”

खाली ओके. लांब रेघ. सोनवणे.

तो गुरुवार मला लख्ख आठवला. सकाळी उठलो तर पोरगी न्हाऊन तयार, पोहे झालेले, शेजारच्या झुलेखाभाभीकडून वायर मागून आणून मोबाइल टीव्हीला जोडलेला. आणि मी काय म्हणालो? “कॉलेज बुडवून टीव्ही बघतेस? फी झाडाला लागते का?” डबा उचलला आणि ओव्हरटाइमला गेलो. ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, चूक कळली पोरीला, शहाणी आहे. अहो, तिच्या लेखी मी हो म्हणून फिरलो होतो! लिहून, सही करून फिरलो होतो. माझीच मला लाज वाटली.

रविवारी मी रजा टाकली. आम्रपाली उठली आणि मला घरात बघून दचकली.

“कंपनी बंद आहे?”

“कंपनी चालू आहे. मी नाही गेलो.” भाभीकडून सकाळीच आणलेली वायर तिच्यापुढे धरली. “लाव तो बारावा भाग.”

तिनं वायरकडे बघितलं, मग माझ्याकडे. “पप्पा, ती मालिका ॲपवाल्यांनीच काढून टाकली. सप्टेंबरातच.”

“आणि तू बघितला नाहीस शेवट?”

“तुम्ही ओके लिहिलं होतं ना. मला वाटलं, एखाद्या गुरुवारी बसाल.”

जे होतं तेच बोललो. “आमू, मी न वाचता सह्या केल्या.”

“जूनला?”

“मार्चपासून.”

रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं परात ओढली आणि माझ्याकडे पाठ करून कणीक मळायला घेतली. मी वही काढली आणि मार्चपासून मोठ्यानं वाचायला लागलो. ती जपानी नावं माझ्या जिभेला वळेनात. दोनतीनदा तिनं सोसलं, मग पाठमोरीच म्हणाली, “तसं नाही म्हणत ते.” आणि नीट सांगितलं. एप्रिल झाला, मे झाला. जूनचं पानही शेवटपर्यंत वाचलं.

“गाडी आली असेल का गं?” मी विचारलं.

“काय माहीत. पण तो घोषणा करायचा थांबला नसेल.”

ऑक्टोबरचं कोरं पान आलं. आमच्याकडे चुकलेली नोंद गिरबटायची नसते, त्यावर एक सरळ आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. मी ‘ओके’वर रेघ मारली. सही करायला पेन टेकवलं, तेवढ्यात पिठाच्या हातानं तिनं ते काढून घेतलं.

“सही नको आता.”

आणि माझ्या चौकोनात तिनं स्वतः लिहिलं, “रिजेक्ट. पुन्हा तपासणे.”

लिहून झाल्यावरही ती पेन हातात धरून माझ्या शेजारीच उभी राहिली. मी मार्चचं पान पुन्हा काढलं.