व्हायलेटचं घर

विनी टटल आमच्या हॅडलो गावात शाळेची बस चालवायची. पण ऑक्टोबर लागला की शनिवार-रविवारी जुन्या काळची झालरीची टोपी आणि तपकिरी झगा चढवून, हातात कंदील घेऊन ती आलेल्या लोकांना घर दाखवायला कप्तान हास्केलच्या घराच्या दारात उभी. घर अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्याही आधीचं. हॅलोविनच्या, म्हणजे भुताखेतांच्या सणाच्या सुमाराला बोस्टनहून माणसं लोटायची ती माळ्यावरच्या नवरीच्या भुतासाठी. लग्नाच्या दिवशीच जिन्यावरून पडून मेलेली, पांढऱ्या झग्यावर रक्ताचे डाग असलेली नवरी.

आता खरं सांगायचं तर ही नवरी विनीनेच जन्माला घातलेली. पहिल्या वर्षी माळ्यावर पोचेपर्यंत तिच्याजवळची माहिती संपली, तेवढ्यात फळ्या करकरल्या, आणि सुचेल ते तिने ठोकून दिलं. पुढल्या वर्षी नवरी माहितीपत्रकात छापून आली.

बस चालवणं सुटलं, केस पिकले, नवरी चालूच. मग गेल्या हिवाळ्यात चर्चच्या जुन्या वह्या चाळताना विनीला एक ओळ सापडली: 'व्हायलेट, कप्तान हास्केलची गुलाम, वारली.' घराच्या सामानाच्या यादीत व्हायलेटचं अंथरूण माळ्यावर लिहिलेलं. बावीस वर्षं त्याच फळ्यांवर उभं राहून आपण खोट्या बाईचं गाणं गायलं, याची विनीला मनापासून लाज वाटली. आणि लाज वाटल्यावर स्वस्थ बसेल ती विनी कसली.

घराची व्यवस्था बघणाऱ्या समितीचा अध्यक्ष प्रेस्टन आल्डन. तिकिटं नवरीवर खपतात, व्हायलेटचं नाव काढलंत तर किल्ल्या ठेवून घरी जा, असं त्याने तिला साफ सांगितलं.

शनिवारी दुपारी पहिली तुकडी माळ्यावर चढली. प्रेस्टन मुद्दाम मागे उभा होता. विनीने कंदील खाली ठेवला.

"नवरी कधी नव्हतीच," ती म्हणाली. "ती माझी थाप होती."

न्यू जर्सीचा एक गृहस्थ हटूनच बसला. "असं कसं? मी गेल्या वर्षी पाहिली तिला. या खिडकीत."

"मग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त दिसतं. आता जी खरंच इथे होती तिच्याकडे बघा."

मग तिने व्हायलेट सांगितली. कागदावर होतं तेवढंच, पदरचं एक अक्षर नाही. शेवटी सगळ्यांना तिचं नाव मोठ्याने घ्यायला लावलं. त्या गृहस्थानेही टोपी काढून तिचं नाव घेतलं.

खाली अंगणात प्रेस्टनने हात पुढे केला. "किल्ल्या द्या, विनी. मी बजावलं होतं तुम्हाला."

"हो रे, बजावलं होतंस. शाळेच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसवून मीही तुला बजावायचे, थापा मारू नकोस म्हणून. तेव्हा मला माझ्याच थापेची आठवण नव्हती."

तिने कमरेचा जुडगा सोडून त्याच्या हातावर ठेवला. वाईट वाटलं, पण मान खाली गेली नाही.

घरातून बाहेर पडलेली माणसं फाटकाशी थांबून रांगेतल्यांना व्हायलेटबद्दल काय काय सांगत होती. रांग पार कोपऱ्यावरच्या भोपळ्यांच्या गाडीपर्यंत गेलेली. रांगेच्या तोंडाशी उभी असलेली एक बाई पुढे आली.

"व्हायलेटचं घर हेच ना?" तिने प्रेस्टनला विचारलं.

प्रेस्टनने रांगेकडे पाहिलं, हातातल्या जुडग्याकडे पाहिलं आणि तो विनीला परत दिला. उशीर होतोय, यांना वर न्या, असं काहीसं तो पुटपुटला.

विनीने टोपी सारखी केली.

"हो बाई, व्हायलेटचंच," ती म्हणाली आणि तिने दार सताड उघडलं.