तवा तुमी कुठं हुता?

तात्या हवालदारांना कुणी काहीही सांगायला लागलं, की ते आधी विचारत, "तवा तुमी कुठं हुता?" शेजारणींचं भांडण असो की मंत्र्यांचं भाषण, सांगणारा स्वतः तिथे नव्हता असं ठरलं, की तात्या तंबाखू मळायला घेत. पंचाहत्तर सालची गोष्ट. लष्करातून पेन्शनवर आलेला हा माणूस वाईत माझ्या शेजारी राहायचा. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि उरलेल्या वेळात थोर कथाकार होतो. संपादकांना ते अजून कळलं नव्हतं, एवढंच.

माझी एक कथा तीनदा परत आली होती. जवानाच्या घरी तार येते, अशी. तीत मी आईच्या मनात शिरलो होतो, पोस्टमनच्या मनात शिरलो होतो, मरणाऱ्या जवानाच्याही, आणि गोठ्यातल्या बैलालाही सोडलं नव्हतं. घाटावर बसून मी ती तात्यांना वाचून दाखवली. हवालदाराच्या डोळ्यांत पाणी बघायचं होतं मला.

"लय गर्दी केली मास्तर," ते म्हणाले. "तुमी नेमकं हुता कुठं? दारात, चुलीपाशी, का बैलाच्या डोस्क्यात?"

"लेखकाला सगळं दिसतं, तात्या."

"आवं, पहाऱ्यावरच्या गड्यानं दिसंल त्येवढंच सांगायचं. डोंगराच्या पल्याडचं सांगाय लागला, तर पलटण मरंल."

पेन्शनरांनी साहित्यात लुडबुड करू नये, असं मी घरी येऊन बायकोला ऐकवलं.

त्याच आठवड्यात त्यांच्याकडे एक म्हातारी आली, पार कवठे महांकाळहून, एसटी बदलत. रुसलो असलो तरी पेपर वाचायला मी तात्यांच्याच ओट्यावर होतो. तिचा शंकर तात्यांच्या तुकडीत होता, एकाहत्तरच्या लढाईत गेला. भेटायला आलेल्या प्रत्येक जवानाने तिला त्याचे शेवटचे शब्द सांगितले होते, आणि प्रत्येकाचे वेगळे. एकाच्या शंकरने देशाचं नाव घेतलं होतं, दुसऱ्याच्या शंकरने आईचं.

"हवालदार, पुन्यांदा सांगा," ती म्हणाली.

तात्या ताठ बसले. "मी खंदकात हुतो आई. शंकर धा पावलं म्होरं. त्येची पाठ दिसत हुती मला. त्वांड न्हाई दिसलं."

"व्हय. बाकीची माजी समजूत घालत्यात," म्हातारी म्हणाली आणि तिने चहा घेतला. दर वर्षी ती एवढंच ऐकायला यायची.

मला माझ्या कथेची मनापासून लाज वाटली. पोस्टमन काढला, जवान काढला, बैल तर जड मनाने काढला, आणि मी नुसता दारात उभा राहिलो. कथा छापून आली. तात्यांचा अभिप्राय असा: "आता दारात हाय तुमी. पर जरा गप उभं ऱ्हावा."

पुढे माझी सांगलीला बदली झाली. दोन वर्षांनी तात्या गेल्याचं पत्र आलं. शोकसभेत वाचायला चार ओळी मागवल्या होत्या. 'शेवटी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं,' असं मी झोकात लिहिलं. मग खोडलं. मी तेव्हा सांगलीत होतो.

मला दिसलं ते एवढंच. बदलीच्या दिवशी वाईच्या स्टँडवर मला गाडीत बसवून तात्या वळले आणि घाटाकडे चालू लागले. मागच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती. तोंड दिसलं नाही.