टाइमआउटला वाजवलेल्या टाळ्या

आमच्याकडे बापलेकीचा अबोला सप्टेंबरात सुरू झाला आणि मार्च आला तरी संपायचं नाव घेईना. तिला इथेच इंग्लंडात, लेस्टरला फार्मसी शिकायला जागा मिळाली होती, मोटरवेने दोन तासांवर. ती सोडून मुलगी संगीत शिकायला अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजात गेली. स्कॉलरशिप तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती, पण ह्यांच्या लेखी ते घरातून पळून जाणंच. ती निघाली त्या दिवशी हे एअरपोर्टलाही आले नाहीत. लंडनमधल्या आमच्या हॅरोच्या घरामागे गवत कापत राहिले.

अबोला धरणाऱ्यांचं बरं असतं, जीव जातो तो मधल्या माणसाचा. दर रविवारी तिचा फोन आला की हे सोफ्यावर पेपर उघडून बसायचे आणि पेपराआडून हुकूम सोडायचे.

"विचार तिला, बर्फातले बूट घेतले का."

मी विचारायची. ती तिकडून म्हणायची, "टेल हिम, घेतले." तिचा आवाज खणखणीत, खोलीभर ऐकू यायचा. तरीही मी तोंडाने सांगेपर्यंत हे मान हलवायचे नाहीत. एकदा वैतागून मी रिसीव्हर सरळ ह्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "बोला काय ते एकमेकांशी." तर हे उठून चहा टाकायला गेले. आपण होऊन चहा टाकताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

मार्चमधल्या एका रविवारी ती फोनवर किंचाळलीच. "आई, वी आर इन द टूर्नामेंट! बँडलापण घेऊन चाललेत!"

ती कॉलेजच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची, आणि कॉलेजची बास्केटबॉलची टीम देशभरच्या कॉलेजांच्या मोठ्या स्पर्धेत पोचली होती. सामना शुक्रवारी, आमच्याकडे तेव्हा दुपार. "मे बी टीव्हीवर दिसेन मी, दोन सेकंद," ती म्हणाली.

पेपर जरासा खाली आला. "विचार तिला," पेपर म्हणाला, "कुठल्या बाजूला बसणार ते."

आमच्या टीव्हीवर तो चॅनेल नव्हता. स्टेशनपलीकडच्या स्पोर्ट्स बारमध्ये जगातले सगळे खेळ दिसतात, असं लायब्ररीतल्या माझ्या मैत्रिणीने सांगितलं. त्या दारावरून मी वर्षानुवर्षं गेले होते, आत पाऊल टाकलं नव्हतं. आदल्या दिवशी धीर करून गेले आणि काउंटरवरच्या पोलिश मुलीला विचारलं. ती म्हणाली, "कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीवर लावीन. मोठ्यावर घोड्यांच्या शर्यती आहेत."

शुक्रवारी दुपारी मी कोट चढवत होते, तर हे दारात उभे. कौन्सिलच्या ऑफिसातून हाफ डे घेऊन आलेले. तापात कामावर जाणारा हा माणूस!

"डोकं दुखतंय," म्हणाले.

"मग पडा जरा. मी बारमध्ये चाललेय."

ह्यांनी घसा खाकरला. "एकटी कशी जाशील तिथे?" म्हणाले आणि काढलेले बूट पुन्हा घातले.

मी उगाच घाबरले होते. दुपारचा बार लायब्ररीहून शांत होता. घोड्यांवर डोळे लावून बसलेले काही म्हातारे, चिप्स तळल्याचा वास, पायाखाली चिकट गालिचा. सिगारेटबंदी नुकतीच आली होती, त्यामुळे अधूनमधून एखादा म्हातारा उठून दाराबाहेर जाऊन यायचा. आम्ही दोन ऑरेंज ज्यूस घेऊन कोपऱ्यात बसलो. शेजारच्या टेबलावर टोपी घातलेला एक आडदांड अमेरिकन एकटाच बसला होता. त्याने खुर्ची सरकवून आम्हाला टीव्ही दिसेल अशी जागा करून दिली. स्पर्धेचा नियमही सांगितला: हरला तो घरी, दुसरी संधी नाही. म्हणजे टीम हरली की बँडही घरी, हे मला तेव्हा कळलं.

छोट्या टीव्हीचा आवाज बंद होता. खेळातलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. पण थोड्या वेळाने एक गोष्ट ध्यानात आली. खेळाडू पळत असले की कॅमेरा त्यांच्यामागे पळतो, आणि खेळ थांबवून ते कोचभोवती गोळा झाले, म्हणजे टाइमआउट झाला, की बँड दाखवतात. मग काय, चेंडू जाळीत गेला तरी आम्ही ढिम्म, आणि टाइमआउट झाला की टाळ्या. एकदा तर समोरच्या टीमने टाइमआउट घेतला आणि ह्यांच्या तोंडून "शाब्बास!" निघालं.

अमेरिकनाला शेवटी राहवेना. "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" त्याने विचारलं.

"बँडच्या," मी म्हटलं. "आमची मुलगी आहे त्यात."

तो खूश होऊन ह्यांच्याकडे वळला. हे ज्यूसच्या ग्लासात बघत बसले. नुसतं "हो" म्हणायला काय जात होतं? मला इतका राग आला की उठून घरी जावंसं वाटलं.

आणि तेवढ्यात ती दिसली. तिसऱ्या रांगेत, पिवळा शर्ट, कपाळावर कसलासा रंग, फुगवलेले गाल. पुरते दोन सेकंदही नसतील. हे खुर्चीतून अर्धे उठले.

"बारीक झालीय," म्हणाले. मला नाही, टीव्हीला.

त्यानंतर ह्यांनी टाइमआउटचा नाद सोडला आणि खेळ बघायला लागले. किती झाले, किती वेळ उरला, असं त्या अमेरिकनाला सारखं विचारायला लागले. शेवटी आमची टीम एकाच बास्केटने मागे होती. शेवटचा चेंडू कडीवर आपटला, वर उडाला आणि बाहेर पडला. खेळाडू जमिनीवरच बसले.

मग कॅमेरा बँडकडे गेला. ती ट्रम्पेट छातीशी धरून रडत होती, लहानपणी रडायची तशी, तोंड वेडंवाकडं करून. कॅमेरावाला काही हलेना. अरे, पुरे की आता, असं मला ओरडावंसं वाटलं.

हे माझ्याकडे वळले. "विचार तिला..." म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी हात पुढे केला. "मोबाइल दे."

मी तिचा नंबर शोधायला लागले, तर त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि आकडे दाबत बाहेर गेले. नंबर त्यांना पाठ होता. मला माहीतच नव्हतं.

मी मागोमाग फुटपाथवर गेले. तिकडच्या गोंधळात ती कुठली फोन उचलतेय! निरोप ठेवायचं मशीन लागलं. आता हे ठेवून देतील असं मला वाटलं, पण हे बोलायला लागले.

"मी बाबा बोलतोय. रडू नकोस. हरले तर हरले. तू छान वाजवलंस. म्हणजे टीव्हीचा आवाज बंद होता, पण दिसत होतं. आधी जेवून घे. आणि सप्टेंबरात मी एअरपोर्टला..."

बीप वाजला आणि फोन तुटला. हे हातातल्या मोबाइलकडे बघत राहिले.

"अहो, राहू द्या," मी म्हटलं. "रविवारी मी सांगते तिला."

त्यांनी नकारार्थी मान हलवली, पुन्हा नंबर लावला, बीप होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "हं. तर, एअरपोर्टला मी यायला हवं होतं."